राजीनामा दसऱ्याला नव्हे, जूनमध्ये

गंगापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे, की वाळूज औद्योगिक वसाहतीतील कायम नोकरी येत्या दसऱ्याला सोडून पूर्णवेळ पखवाजवादन आणि मुलांची शिकवणी करावी का. त्यांचे वय 37 आहे, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहेत आणि गावी तीन एकर कोरडवाहू कापूस आहे.

आपण पाठवलेली हिशेबाची वही मी दोनदा वाचली. गेल्या वर्षी बिदागी आणि शिकवणी मिळून 1,92,000 रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी 16,000 रुपये जमले. परंतु ही सरासरी फसवी आहे, कारण एकट्या श्रावणातल्या सप्ताहांत 46,000 आले, तर ज्येष्ठाच्या पानावर ‘पुडी (पखवाजाचे कातडे) बदलली, 1,800’ एवढी खर्चाचीच नोंद आहे. दिंडीतली साथ आपण पैशासाठी करत नाही, हे योग्यच.

वादनात कमी पडले तर शेती आहेच, असे आपण लिहिता, आणि मला काळजी नेमकी याच वाक्याची वाटते. सप्ताहाची बिदागी गावच्या वर्गणीतून येते आणि वर्गणी कापसाच्या पैशातून. त्यामुळे पाऊस हुकला, तर आपली दोन्ही उत्पन्ने एकाच वर्षी बसतील. मराठवाड्यात 2014 आणि 2015 असे सलग दोन पावसाळे हुकले आणि 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून तरतूद दोन वर्षांची हवी. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च 34,000 आणि पत्नीचा पगार 14,000, म्हणजे तूट महिन्याला 20,000 आणि दोन वर्षांची 4,80,000 रुपये.

दसऱ्याला आपली सेवा नऊ वर्षे चार महिने होते, त्यामुळे ग्रॅच्युइटी नऊच वर्षांची, म्हणजे 32,000 मूळ वेतनावर सुमारे 1,66,000 रुपये मिळेल. जूनमध्ये दहा वर्षे पूर्ण झाल्यावर ती सुमारे 1,84,600 होईल, आणि भविष्य निर्वाह निधीसोबतच्या पेन्शन योजनेत 58व्या वर्षापासूनच्या पेन्शनचा हक्कही पक्का होईल. ती महिन्याला फार तर 2,100 रुपयांची, पण पावसावर अवलंबून नसलेली. मुदत ठेवीतले 2,60,000 धरले, की केवळ 35,000 कमी पडतात, जे या आठ महिन्यांच्या पगारातून बाजूला काढता येतील. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नये. शिवाय जूननंतर लगेच श्रावणाचे सप्ताह येतात.

नोकरी सुटली, की कंपनीचा आरोग्य विमाही संपेल. आपल्याला मधुमेह आहे आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. त्यामुळे त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे आधी विचारावे. ते शक्य नसल्यास कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी जूनची वाट न पाहता याच महिन्यात घ्यावी आणि प्रस्तावात मधुमेह लपवू नये.