लीड्समधलं भाड्याचं घर, बॉयलरचं प्रेशर आणि शाळा

डिसेंबरात बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडात लीड्सला येतोयस, आणि विचारलंयस की बॉयलरचं प्रेशर जाऊन हीटिंग बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, इथं एकटं वाटतं का, आणि मुलं रुळतात का. व्हिसा, हेल्थ सरचार्ज वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी उगाळत नाही.

आधी बॉयलर, म्हणजे घर गरम ठेवणारं पाणी तापवायचं यंत्र. नळाला पाणी धो धो येतंय म्हणजे बॉयलरला प्रेशर आहे असं नाही, हे इथं बरीच वर्षं काढलेल्यांनाही कळत नाही. खोल्यांतल्या रेडिएटरमधून तेच ते पाणी फिरत असतं, ते जरा कमी झालं की बॉयलरवरच्या प्रेशरच्या मीटरचा काटा खाली येतो. सिस्टिम गार असताना प्रेशर 1 ते 1.5 बार (प्रेशरचं माप) हवं. फारच उतरलं की बॉयलर आपोआप बंद, आणि कॉम्बी, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर असेल तर अंघोळीचं गरम पाणीही गेलं, कारण वर टाकी नाही की गिझर नाही. बहुतेक बॉयलरच्या खाली चंदेरी विणीची नळी असते, फिलिंग लूप म्हणतात, तिचे दोन्ही कॉक हळूहळू उघडायचे, पाणी शिरल्याचा आवाज येतो, काटा दीडच्या आसपास आला की दोन्ही नीट बंद करायचे. एखादा उघडा राहिला तर 3 बारला सेफ्टी व्हॉल्व उघडतो आणि बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या पाइपातून पाणी गळायला लागतं. रेडिएटरमधली हवा काढलीस की प्रेशर थोडं उतरणारच, त्याला घाबरू नको. पण दर दोन-चार दिवसांनी उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि गरम असताना काटा तीनकडे पळतो नि गार झाल्यावर शून्यावर येतो असं असेल तर बहुतेक एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या डब्यातली हवा गेलीय. तिथं आपण हात घालायचा नाही, बॉयलरचं कव्हर गॅस सेफ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीतल्या माणसानंच उघडायचं.

आमच्या पहिल्या घरात ती नळीच काढून नेलेली होती. एजंटला फोन केला तर म्हणे टॉप-अप तुम्हीच करायचं असतं, कशानं करू बाबा? मग ईमेल कर, फोटो पाठव, पोर्टलवर तिकीट काढ, माणूस आठ ते सहामध्ये कधीही येईल म्हणून एकानं सुट्टी काढून बसायचं, आणि तो आलाच नाही. घरात जॅकेट घालून जेवलो. 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे, पण हे आपण लेखी सांगेपर्यंत समोरचा हलत नाही. नवीन माणूस भांडत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

एकटेपणाचं विचारलंस, तर तो वाटतोच. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, व्हिटॅमिन डी घे, गणपतीला मराठी माणसं भेटतात. बास.

शाळेचं मात्र अजून सलतं. इथं इयत्ता ठरवताना वयाची रेषा 31 ऑगस्टला ओढतात. आमच्या मुलाचा जन्म ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला, पुण्यात नुकताच पहिलीत बसलेला पोरगा इथं आल्यावर थेट इयर टूमध्ये, म्हणजे इथल्या दुसऱ्या इयत्तेत, वर्गात सगळ्यात लहान, आणि यॉर्कशरचे, म्हणजे या भागातले उच्चार तर मलाही कळत नव्हते. घरासमोरची शाळा फुल, लहान मुलांच्या वर्गात एका टीचरमागे 30 च्या वर मुलं घेता येत नाहीत त्यामुळे अपीलही फेटाळलं, आणि जागा मिळाली ती दोन बस बदलून. पेरेंट्स इव्हनिंगला दहा मिनिटं तुमचा मुलगा लव्हली आहे एवढंच ऐकून आलो, तो वर्गात तोंड उघडत नाही हे आम्हाला दुसऱ्याच एका आईकडून कळलं. आता तो सेकंडरीत आहे, मार्क चांगले आहेत, तरी चारचौघांत बोलायच्या आधी सगळ्यांचे चेहरे बघून घेतो. बायको म्हणते स्वभावच आहे त्याचा, पुण्यातही असाच झाला असता. असेल. हा विषय निघाला की आमच्याकडे जेवण तसंच राहतं, आणि माझ्या प्रमोशनसाठी आलो होतो हे ती कधी बोलून दाखवत नाही, ते जास्त लागतं.

तर घर ठरवायच्या आधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला फोन करून जवळच्या कुठल्या शाळेत जागा आहे ते विचार, मग घर बघ. बघायला गेलास की एजंटसमोरच हीटिंग चालू करून सगळे रेडिएटर गरम होतात का हात लावून बघ, काट्याचा आणि नळीचा फोटो काढ, या वर्षीचं गॅस सेफ्टी सर्टिफिकेट माग. आणि मुलीचा जन्म कुठल्या महिन्यातला आहे ते कळव, त्यावरून ती कितव्या इयरला बसेल ते सांगतो.