रवांडाच्या संसदेत स्त्रियांचे बहुमत कसे झाले?

प्रश्न : रवांडाच्या संसदेत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक आहेत, असे वाचनात आले. हे केवळ आरक्षणामुळे घडले का? आपल्याकडे कायदा होऊनही लोकसभेत स्त्रिया इतक्या थोड्या का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : केवळ आरक्षणामुळे नव्हे. रवांडाच्या 2003च्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या संस्थांत स्त्रियांना किमान 30 टक्के जागा दिल्या. त्यानुसार कनिष्ठ सभागृहातील 80 पैकी 24 जागांवर स्त्रियाच उभ्या राहतात आणि स्थानिक परिषदा व महिला परिषदांचे प्रतिनिधी त्यांना निवडून देतात. परंतु 2008 मध्ये 45 स्त्रिया निवडून आल्या आणि संसदेत स्त्रियांचे बहुमत असलेला रवांडा हा जगातला पहिला देश ठरला. राखीव जागांपलीकडच्या या 21 जणींपैकी बहुतेकींना पक्षांनी आपल्या उमेदवार-यादीत स्थान दिले होते.

त्यामागे 1994च्या वंशसंहाराची पार्श्वभूमी आहे. असंख्य पुरुष मारले गेले, तुरुंगात गेले किंवा परागंदा झाले, आणि घर व शेती बायकांच्या अंगावर पडली. रूढीप्रमाणे जमिनीचा वारसा मात्र पुरुषांकडे जाई. त्यामुळे विधवा ज्या शेतात राबत होती, त्यावर सासरचे लोक हक्क सांगू शकत. 1999 मध्ये मुलामुलींना समान वारसा देणारा कायदा झाला. त्या वेळी संसदेत स्त्रिया अल्पसंख्य होत्या, तरी पक्षभेद बाजूला ठेवून त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. मला हे बहुमताच्या आकड्याहून मोठे वाटते, कारण एकाच पक्षाचे वर्चस्व असलेल्या त्या देशात राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांना जाब विचारण्याची संसदेची ताकद, सदस्य स्त्री असो वा पुरुष, तोकडीच आहे.

आपल्याकडे 2023च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखीव केल्या. मात्र जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच त्या लागू होतील, अशी अट त्यातच घातली. 2024च्या निवडणुकीत 543 पैकी 74 स्त्रिया निवडून आल्या. अधिक स्त्रियांना तिकीट देण्यापासून पक्षांना कोणत्याही कायद्याने अडवले नव्हते. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना 50 टक्के आरक्षण आहे. पाच वर्षे पाणीयोजना, शाळाखोल्या आणि रस्त्यांची कामे मार्गी लावणाऱ्या जिल्हा परिषद सदस्येला पुढच्या सोडतीनंतर ‘ताई, आता जागा खुली झाली’ असे सांगून घरी बसवले जाते. तिला विधानसभेचे तिकीट का देता येत नाही, याचे उत्तर पक्षांनी द्यावे.