नोकरीतले प्रश्न : बढतीची यादी लागते जूनमध्ये, ठरते त्याच्या कितीतरी आधी

प्रश्न : हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत नऊ वर्षं आहे. मॅनेजर वर्षभर ‘तुझं काम उत्तम’ म्हणत होते आणि हातात पडलं पाचपैकी तीनचं रेटिंग. ‘वर नॉर्मलायझेशनमध्ये कमी झालं’ एवढंच उत्तर मिळालं. मीच काम शिकवलेला सहकारी मात्र लीड (टीमप्रमुख) झाला. टीममधल्या चौघांनी राजीनामे दिलेत, उरलेले पाट्या टाकतात. एचआरकडे तक्रार करावी का? (एक वाचक, वाकड)

उत्तर : करा, पण रेटिंग आणि बढती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी लक्षात घ्या. दोन्हींची तक्रार एकाच मेलमध्ये केली की दोन्ही वाया जातात.

आधी रेटिंग. नॉर्मलायझेशन म्हणजे सगळ्या मॅनेजरांची रेटिंगं ठरलेल्या टक्केवारीत बसवायची बैठक. तिथे एकेका नावाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. समजा, ४० जणांच्या युनिटमध्ये सर्वांत वरच्या रेटिंगला १० टक्के, म्हणजे चार जागा आहेत. पाच मॅनेजरांनी दोन-दोन नावं आणली तर सहा नावं खाली उतरणारच. कोणाची? ज्याच्या मॅनेजरला त्या दोन-तीन मिनिटांत ठोस काही सांगता येत नाही त्याची, किंवा मॅनेजरच वर्षाच्या मध्यात बदलला असेल त्याची. मायक्रोसॉफ्टनं ही सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. ‘आम्हीही बेल कर्व्ह (टक्केवारीनं रेटिंग वाटायची ही पद्धत) काढला’ असं सांगणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, पण पगारवाढीची रक्कम आधीच ठरलेली असेल तर तो कर्व्ह टेबलाखाली शिल्लक असतोच.

बढतीचं गणित निराळं. ग्राहकाशी झालेल्या करारात प्रत्येक भूमिकेचा दर आणि जागा ठरलेल्या असतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये लीडच्या दोनच जागा असतील आणि त्या भरलेल्या असतील, तर तुम्हाला बढती दिल्यावर पगार वाढतो पण ग्राहक जुनाच दर देतो. प्रोजेक्टचा नफा कमी दिसतो, म्हणून डिलिव्हरी हेड नाव कापतो. तुमचा सहकारी कदाचित जागा मोकळी असलेल्या अकाउंटवर (म्हणजे दुसऱ्या ग्राहकाच्या कामावर) होता. मग त्याला तिथे कोणी पाठवलं? वशिला बहुतेक वेळा इथेच चालतो : रेटिंगच्या बैठकीत नाही, तर त्याच्या सहा-आठ महिने आधी, कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं हे ठरताना. त्याची ना नोंद असते, ना त्यावर अपील.

कंपनीच्या पोर्टलवर रेटिंगविरुद्ध अपीलची मुदत असते आणि ती फार थोडी असते, तेवढ्यात हे उरका. अप्रेजलवर ‘ॲक्सेप्ट’ दाबण्याआधी शेऱ्याच्या रकान्यात ‘वाचलं, सहमत नाही’ असं लिहा. नुसतं ॲक्सेप्ट केलं की पुष्कळ ठिकाणी विषय तिथेच बंद होतो. मग मॅनेजरना मेल करा, एचआरला प्रत ठेवा आणि तीनच गोष्टी विचारा : मॅनेजरनं मुळात दिलेलं रेटिंग काय होतं, पुढच्या ग्रेडचा नेमका कोणता निकष कमी पडला, आणि या अकाउंटमध्ये पुढची जागा कधी निघणार आहे. सहकाऱ्याचं नाव त्यात आणू नका. आणलंत की ‘इतरांची माहिती गोपनीय असते’ या एका ओळीवर तिकीट (नोंदवलेली तक्रार) बंद होतं.

पुढच्या वर्षासाठी ऑक्टोबरपासून एक पान तयार ठेवा. बैठकीत मॅनेजरनं वाचायचं ते हेच. ‘सपोर्ट चांगला केला’ हे वाक्य तिथे निरुपयोगी. ‘महिन्याला ६० तिकिटं यायची, स्क्रिप्ट लिहिल्यावर २५ येतात, ग्राहकाच्या कौतुकाच्या मेलची तारीख अमुक’ असं लिहिलं तर मॅनेजरला बोलायला आधार मिळतो. हे पुरावे कंपनीच्याच ड्राइव्हवर ठेवा. स्वतःच्या जीमेलवर मेल फॉरवर्ड केलेत तर शिस्तभंगाची कारवाई तुमच्यावर होईल. एप्रिल ते मार्च चालणाऱ्या कंपनीत नावं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत वर जातात. म्हणून मॅनेजरच्या वरिष्ठांशी बोलायचं ते डिसेंबरपर्यंत, आणि ग्राहकाचा करार नूतनीकरणाला येत असेल तर त्याआधी, कारण नव्या जागा तेव्हाच मागितल्या जातात.

राजीनाम्याचा धाक दाखवून पैसे वाढतात, ग्रेड सहसा नाही. ‘पुढच्या सायकलला नक्की’ हे लेखी मिळत नसेल तर ते गाजर समजा.

प्रश्न : चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात परमनंट ऑपरेटर आहे. वेतन कराराची बोलणी चालू असतानाच, युनियनपासून लांब राहणाऱ्या कमी सेवेच्या काही जणांना ‘ज्युनियर ऑफिसर’ केलं. ज्येष्ठांना डावललं. हे कायद्यात बसतं का? (एक वाचक, राजगुरुनगर)

उत्तर : हेतू सिद्ध झाला तर बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं, युनियनच्या कामामुळे बढती नाकारणं, आणि कामगारांत फूट पाडण्यासाठी लायकी नसताना बढती देणं, हे तिन्ही त्यात येतं. आयटीवाल्यांना कायद्याचा आधार वाटतो त्यापेक्षा कमी असतो, तुम्हाला मात्र वाटतो त्यापेक्षा जास्त आहे.

पण बढतीचा हक्क कोणालाच नसतो, असतो तो विचार होण्याचा हक्क. त्यामुळे ‘आम्ही सीनियर आहोत’ एवढ्यावर भागणार नाही. आधी स्थायी आदेश (कारखान्याचे सेवानियम) आणि मागचा करार काढून बढती ज्येष्ठतेवर आहे की निवडीवर ते पाहा. मग एक तक्ता करा : नाव, रुजू झाल्याची तारीख, ग्रेड, ट्रेड टेस्टचे गुण, गैरहजेरी, चार्जशीट असल्यास ती, युनियनमधलं पद. बढती मिळालेले आणि डावललेले एकाखाली एक लिहिले की पक्षपात असेल तर रकान्यांत दिसतो, नसेल तर तेही दिसतं.

२० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावीच लागते, त्यात दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज द्या आणि पोच घ्या. समितीनं ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो पटला नाही किंवा आलाच नाही, तर ६० दिवसांत युनियनमार्फत सरकारच्या समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं.

बढती घेतलेल्यांनाही एक गोष्ट कळू द्या. ऑफिसर झाल्यावर दुप्पट दराचा ओव्हरटाइम बंद होतो, कराराची वाढही लागू होत नाही. मात्र न्यायालय हुद्दा पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतं. रजा मंजूर करणं, माणसं कामाला लावणं यातलं काही हाती नसेल आणि माणूस मशिनवरच उभा असेल, तर कागदावर ऑफिसर असूनही तो कामगार ठरू शकतो.

प्रश्न : खराडीत बारा जणांची टीम सांभाळते. मी दिलेल्या तीन नावांपैकी दोन वर कापली गेली. टीमचा उत्साह पार गेलाय. काय करू? (एक वाचक, विमाननगर)

उत्तर : ज्यांचं नाव कापलं गेलं त्यांना ते यादी जाहीर होण्याआधी, एकेकट्याला भेटून सांगा. अभिनंदनाच्या मेलमधून कळलं तर तो माणूस गेला म्हणून समजा. ‘माझ्या हातात नव्हतं’ म्हणू नका. कोणत्या मुद्द्यावर नाव अडलं तेवढंच सांगा, आणि तो मुद्दा भरून निघेल असं काम याच तिमाहीत द्या. ग्राहकासमोरचे डेमो आणि नव्या मॉड्यूलची कामं दर वेळी त्याच दोघांकडे जात असतील तर ती आळीपाळीनं वाटा, पुढची यादी त्यावरच ठरते. ‘ॲक्टिंग लीड’ करून तोंडाला पानं पुसू नका. करायचंच असेल तर किती महिन्यांसाठी, भत्ता किती, आणि मुदत संपल्यावर कोण निर्णय घेणार, हे एचआरकडून मेलवर घ्या. ते मिळेपर्यंत त्या माणसाकडून लीडचं काम करून घेऊ नका.