घरगुती मसाले ऑनलाइन विकताना अनोळखी ग्राहक आगाऊ पैसे द्यायला कचरतात. त्यांचा विश्वास कसा मिळवावा?

तुम्ही लिहिलंय की गोडा मसाला, मेतकूट आणि लोणचं इन्स्टाग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर विकता. ओळखीतले लोक पुन्हा पुन्हा मागवतात, पण अनोळखी माणूस किंमत विचारतो, यूपीआय नंबर घेतो आणि तिथेच गप्प होतो. माझ्या मते त्याला चवीची शंका नसते. पैसे गेले आणि पाकीट आलंच नाही, किंवा फुटकं आलं, तर कोणाला धरायचं हे त्याला दिसत नाही. रील्स आणि सजावटीवर खर्च करण्याआधी ते त्याला दिसेल असं करा.

सुरुवात पैसे भरण्याच्या क्षणापासून करू. यूपीआयवर रक्कम टाकताना समोर खातेदाराचं नाव येतं. पेजचं नाव एक आणि स्क्रीनवर भलत्याच माणसाचं, बहुतेकदा नवऱ्याचं किंवा मुलाचं, नाव आलं की हात थांबतो. व्यवसायाच्या नावाने चालू खातं काढून त्याचा क्यूआर वापरणं सगळ्यात चांगलं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) विनाशुल्क होते आणि तिचं प्रमाणपत्र हे खातं काढताना कामी येतं. तोवर नंबर देतानाच लिहा, 'पैसे भरताना अमुक नाव दिसेल, ते माझंच खातं आहे.' या एका ओळीने अर्धवट सुटलेल्या बऱ्याच ऑर्डरी पूर्ण होतात.

'किंमत इनबॉक्समध्ये' हा प्रकार बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये वजन, किंमत आणि कुरिअर खर्च उघड लिहा. इथे एक खाच आहे. कुरिअरचे दर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतात. २५० ग्रॅमची दोन पाकिटं घेतली की पाऊच, खोका, टेप धरून वजन ५००च्या वर जातं आणि पुढच्या टप्प्याचा दर लागतो. मग ग्राहकाला 'अजून चाळीस रुपये पाठवा' असा निरोप जातो आणि सगळं बिघडतं. २०० ग्रॅमचं पाकीट ठेवलंत तर दोन पाकिटं खोक्यासकट ५००च्या आत बसतात. खोका मोठा असेल तर वजनाऐवजी आकारमान धरलं जातं (लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५०००ने भागतात), म्हणून मालाला बेताचाच खोका घ्या.

आता लेबल. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी नसेल तर विक्री थांबवून आधी ती करा. छोट्या उत्पादकाला लागणारी फी किरकोळ आहे. चौदा अंकी क्रमांक पाकिटावर आणि बिलावर छापा, पेजच्या माहितीतही टाका. ग्राहक तो ऑनलाइन तपासू शकतो हेही तिथेच सांगा. पाकिटावर याशिवाय घटक पदार्थ (वजनाने जास्त ते आधी), हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, ग्रॅममागे किंमत, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल लागतं. मेतकुटात गहू असेल तर ग्लुटेनचा उल्लेख विसरू नका. या मागच्या बाजूचा स्पष्ट, वाचता येईल असा फोटो कॅटलॉगमध्ये ठेवा. नवा ग्राहक पुढच्या बाजूच्या नक्षीपेक्षा तो जास्त वेळ बघतो, कारण त्यावर पत्ता असतो. आणि महाराष्ट्राबाहेर माल विकणार असाल तर जीएसटी नोंदणीचं कर सल्लागाराला आधीच विचारा. ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी न करण्याची सवलत तिथे धरून चालत नाही.

'१०० टक्के शुद्ध' लिहू नका. १०० टक्के असे दावे लेबलवर आणि जाहिरातीत करू नयेत असं एफएसएसएआयने २०२५मध्ये कळवलेलं आहे. 'सेंद्रिय' लिहायचं तर प्रमाणपत्र हवं. त्यापेक्षा खरं आणि मोजकं लिहा: खोबरं कोणतं, दगडफूल आहे की नाही, तेल किती, भाजणी कशी केली. 'हिंग घातलेला नाही' अशी साधी ओळ 'अस्सल पारंपरिक चव'पेक्षा कितीतरी जास्त काम करते.

पाकीट बांधणं हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानते, कारण तुम्ही समोर नसताना ग्राहकाच्या हातात पडतं ते एवढंच. मसाल्याच्या पाऊचचं सील सुटतं ते बहुतेक वेळा मशिनमुळे नाही, तर सीलच्या पट्टीत अडकलेल्या मसाल्याच्या कणांमुळे. भरताना रुंद तोंडाचं नरसाळं पाऊचच्या आत दोन इंच खाली जाईल असं धरा, नंतर आतली कड कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच सील करा. प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट पाण्यात बुडवून हलकं दाबा. बुडबुडे आले तर सील कच्चं आहे. गोड्या मसाल्यात खोबरं आणि तीळ असतात, त्यांचं तेल साध्या कागदी पाऊचवर डाग पाडतं आणि हवा-उजेड लागला की मसाला खवट होतो. त्यासाठी आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला पाऊच घ्या. पारदर्शक खिडकीचा पाऊच दिसतो छान, पण तिखटाचा रंग त्यातून उडतो.

लोणच्याच्या काचेच्या बरणीला झाकणाखाली सील हवं, झाकणाभोवती टेप, मग झिपची पिशवी, मग बबलरॅपचे दोन वेढे. खोक्यात चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर भरण आणि खोका पाच पदरी. बंद करून जोरात हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा भरा. पावसाळ्यात खोक्यावर प्लॅस्टिकची कुरिअर पिशवी हवीच.

प्रत्येक बॅचचं एक पाकीट विकू नका. बॅच क्रमांक लिहून घरातल्या साध्या तापमानाला ठेवा आणि दर महिन्याला थोडं काढून वास-चव बघा. 'मसाला खवट लागतोय' अशी तक्रार आली की त्याच बॅचचं पाकीट उघडून तुम्हाला खात्रीने बोलता येतं. तुमचंही खवट निघालं तर त्या बॅचच्या बाकीच्या ग्राहकांना त्यांनी विचारण्याआधी स्वतः कळवा. यापेक्षा पक्का विश्वास मिळवण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

पाठवण्याचे वार ठरवून टाका, समजा सोमवार आणि गुरुवार. शनिवारी पाठवलेला माल रविवारी कुठेतरी गोदामात पडून राहतो. 'दोन दिवसांत मिळेल' असं कधीच म्हणू नका, 'गुरुवारी पाठवणार' म्हणा; पाठवणं तुमच्या हातात असतं, पोहोचणं नसतं. पार्सल गेल्यावर ट्रॅकिंग क्रमांकासोबत पावतीचा फोटो टाका आणि ट्रॅकिंग दोन दिवस हललं नाही तर ग्राहकाने विचारण्याआधी तुम्हीच निरोप पाठवा.

तक्रारीचे नियम आधीच लिहून ठेवा. फुटकं, गळकं किंवा चुकीचं पाकीट आलं तर ४८ तासांत फोटो, त्यावर त्याच दिवशी उत्तर आणि पैसे परत किंवा नवं पाकीट, यातलं ग्राहक म्हणेल ते. दोनशे रुपयांचं पाकीट परत मागवू नका, कुरिअरच तेवढं होतं. दर महिन्याच्या विक्रीतले दोन-तीन टक्के यासाठी बाजूला काढा, म्हणजे पैसे परत करताना जीव खालीवर होत नाही. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर परतावा पाठवा आणि बारा अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक कळवा. सोबत हेही स्पष्ट लिहा: 'परताव्यासाठी आम्ही कधीच क्यूआर स्कॅन करायला, पिन किंवा ओटीपी द्यायला सांगत नाही.' या मार्गाने फसलेली माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे ही ओळ लगेच पटते. उलट बाजूने तुम्हीही पैसे आल्याच्या स्क्रीनशॉटवर माल पाठवू नका. खात्यात रक्कम दिसू द्या.

अभिप्राय पार्सल पोहोचल्याच्या दिवशी मागू नका, आठवड्याने मागा आणि नेमकं विचारा: 'आमटीत किती चमचे घातलात? तिखटपणा बरोबर वाटला का?' उत्तरं आपोआप खरी येतात. स्क्रीनशॉट टाकण्याआधी परवानगी घ्या, नाव-नंबर झाका. नातेवाइकांकडून लिहून घेतलेली स्तुती वाचणाऱ्याला लगेच कळते, शिवाय विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिणं २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत मना आहे. 'चव छान, पण मीठ जरा जास्त' असा अभिप्राय आला तर तो लपवू नका, खाली उत्तर देऊन ठेवा.

एवढं करूनही काही जण आगाऊ पैसे देणार नाहीत. त्यांच्यासाठी ५० ग्रॅमचं छोटं पाकीट ठेवा, किंवा कुरिअरचे पैसे आधी आणि मालाचे घरपोच मिळाल्यावर अशी सोय ठेवा. पूर्ण रक्कम घरपोच घेण्याची सोय सुरुवातीला टाळा. घेतलं नाही म्हणून परत आलेल्या पार्सलचा जाण्यायेण्याचा खर्च तुमच्यावर पडतो, आणि तीन आठवडे फिरून आलेलं लोणचं दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.