ते ड्युटीवर गेले की मला बरं वाटायचं

"ते ड्युटीवर गेले की मला बरं वाटायचं. आता घरीच असतात, तर जीव गुदमरतो. हे पाप आहे का ओ मॅडम?"

काकू हे दाराकडे बघत, आवाज खाली घेऊन बोलल्या. बाहेरच्या बाकावर काका बसले होते आणि त्यांना ऐकू जाईल अशी भीती काकूंना वाटत होती. लग्नाला अडतीस वर्षं झालेली बाई नवऱ्याबद्दल असं बोलते तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटत असते. सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मी अनेक घरांतून ऐकला आहे. बँकेतून, शाळेतून, कापडाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या बायका तो विचारतात. त्याच घरातले पुरुष वेगळ्या शब्दांत तेच सांगतात, "माझ्याच घरात मी पाहुणा झालोय." म्हणून या दोघांची गोष्ट त्यांच्या संमतीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काका स्वतःला गार्डच म्हणतात. दौंड, कर्नाटकातलं वाडी, पुन्हा सोलापूर. कधी रात्री दोनला बोलावणं, कधी दुपारी. जेवण डब्यात, झोप रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत. साठाव्या वर्षी निवृत्त झाले, सत्कार झाला, हार-नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

पहिल्या महिन्यात त्यांनी डब्यांना पाट्या लावल्या. तिखट, मीठ, साखर, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ. अक्षर मोत्यासारखं. "मला माझ्याच घरात पाट्या वाचून चालायचं?" हे काकूंचं वाक्य, आणि ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मग पाणी. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ते कधी येणार, किती वेळ टिकणार, कुठला पिंप आधी भरायचा, ही सगळी विद्या काकूंच्या अंगात मुरलेली. काकांनी त्याचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं.

तेवढ्यावर भागलं असतं. मग पुण्याच्या लेकीनं सुचवलं, "आईबाबा, फिरून या." रेल्वेचा पास होताच. मदुराई, कन्याकुमारी असा नऊ दिवसांचा बेत ठरला. काकूंनी निघण्याआधी दोन दिवस दशम्या, कडक भाकरी, शेंगाचटणी, लाडू केले. तिकडे काका रोज पहाटे चारला उठवायचे, प्रत्येक मंदिराला किती मिनिटं हे आधीच ठरलेलं. कन्याकुमारीला समुद्राकडे बघत काकूंना अजून बसायचं होतं, काकांनी घड्याळ दाखवलं. परतीच्या गाडीत दोघं बोलले नाहीत. आणि घरी आल्यावर काकूंना ती वही सापडली.

"दूध ६.१०. भाजीला गेली १०.२०, आली ११.३५. शेजारी बोलणे, ४० मि."

माझ्याकडे येण्याचं कारण ही वही. काकूंना वाटलं, नवरा पाळत ठेवतोय. उतारवयात संशय घेतोय.

इथं मी थोडं थांबून सांगते, कारण अशी वही हसण्यावारी नेण्यासारखी नसते. मी दोघांना आधी वेगवेगळं भेटले. काकूंना स्पष्ट विचारलं: हात उगारतात का? पैसे स्वतःच्या हातात असतात का? माहेरी, बहिणीकडे जाऊ देतात का? ज्या घरात या प्रश्नांची उत्तरं वाईट असतात, तिथं जोडप्याला समोरासमोर बसवून "समजून घ्या" म्हणणं घातक ठरतं. तिथं आधी त्या बाईची सुरक्षितता. दुसरं, साठीनंतर एकाएकी निराधार संशय सुरू झाला तर ते स्मृतिभ्रंशाचं किंवा दुसऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. म्हणून काकांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तातली साखर, थायरॉइड, बी-१२, स्मरणशक्तीची तपासणी, आणि कान.

बाकी सगळं ठीक निघालं. डाव्या कानानं मात्र त्यांना बरंच कमी ऐकू येत होतं. "मी बोलते ते यांच्या कानावरच जात नाही," ही काकूंची वर्षानुवर्षांची तक्रार शब्दशः खरी होती. त्या चुलीपाशी पाठमोऱ्या बोलायच्या, ते डावीकडे बसलेले असायचे. यंत्र बसवल्यावर निम्मे वाद आपोआप मिटले, यात समुपदेशनाचा काही वाटा नाही. निवृत्त जोडपं आलं की मी आता कानांची चौकशी आधी करते.

वहीबद्दल काकांना विचारलं तेव्हा ते गोंधळले. "मॅडम, पस्तीस वर्षं मी प्रत्येक स्टेशनची वेळ लिहिली. गाडी किती वाजता सुटली, कुठं थांबली, का थांबली. लिहिलं नाही तर दिवस गेला असं वाटतच नाही." मग जरा वेळानं, "आणि ती भाजीला जाऊन तासभर आली नाही की मला काळजी वाटते. पूर्वी मी घरी नसायचो, तेव्हा कळायचंच नाही ती कधी गेली, कधी आली."

हे दुसरं वाक्य मी काकूंना काकांच्याच तोंडून ऐकवलं. त्या गप्प झाल्या. पटकन विरघळल्या वगैरे नाहीत. "काळजी आहे तर विचारायचं की ओ. लिहायचं कशाला?" म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

माझी एक चूकही सांगते. मी त्यांना नेहमीचा गृहपाठ दिला होता, रोज संध्याकाळी अर्धा तास एकमेकांशी बोला. पुढच्या भेटीला दोघं शरमल्यासारखे आले. बोलायला काही नव्हतं. जे काकूंनी पाहिलं तेच काकांनी पाहिलं. दिवसभर दोघं एकाच घरात, एकच टीव्ही, एकच भाजी. पूर्वी काका दोन दिवसांनी यायचे तेव्हा वाडीच्या यार्डातली गंमत असायची, काकूंकडे गल्लीतल्या बातम्या असायच्या. आता कोण काय सांगणार?

त्या भेटीत काकांनीच हिशेब मांडला. त्यांना आकडे आवडतात. नोकरीच्या काळात लग्नाची छत्तीस वर्षं, आठवड्याला सरासरी तीन रात्री घरी. म्हणजे एकत्र राहणं साडेपंधरा वर्षांचं. "आणि त्यातले निम्मे दिवस मी झोपलेलो," ते म्हणाले. काकू पहिल्यांदा हसल्या.

मला या प्रश्नाचं उत्तर तिथं दिसलं, आणि ते मी काकूंना सरळ सांगितलं. हे पाप नाही. प्रेम आटल्याची खूणही नाही. तुमचा संसार एका ठरावीक अंतरावर उभा राहिला आणि ते अंतर तुम्ही ठरवलेलं नव्हतं, रेल्वेनं ठरवलं होतं. त्या अंतरात तुम्ही एकटीनं मुलं वाढवली, घर चालवलं, स्वतःचा वेळ राखला. साठाव्या वर्षी ते अंतर एका दिवसात काढून घेतलं गेलं. आता ते तुम्हा दोघांना मिळून नव्यानं आखावं लागेल. काकांचंही काही कमी गेलेलं नव्हतं. हिरवा-लाल झेंडा हातातून गेलेल्या माणसानं डब्यांना पाट्या लावल्या, एवढंच झालं होतं.

आखणी साधी झाली. सकाळी अकरा ते दुपारी एक घर काकूंचं. काका बाहेर जातील, आणि कुठं जातात ते सांगून जातील. काकू वर्षातून एकदा बार्शीला बहिणीकडे चार दिवस एकट्या राहतील, फोन रोज रात्री एकच. स्वयंपाकघरातला कुठलाही बदल विचारल्याशिवाय नाही. पाण्याचं वेळापत्रक काकांनी स्वतः भिंतीवरून काढलं.

पण अकरा ते एक काका जाणार कुठं? पहिले काही दिवस ते सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून यायचे. मग कंटाळले.

निवृत्त माणसाला "समाजसेवा करा" असं सांगणं फार सोपं आहे. गोळी लिहून द्यावी तसं लोक सांगतात. माझा अनुभव असा की घरातून पळण्यासाठी धरलेली सेवा सहा महिन्यांत सुटते आणि ज्यांची सेवा करायची त्यांनाही ताप होतो. इथंही आधी तसंच झालं, फक्त सुरुवात काकूंनी केली होती. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या, पुढं डी.एड. करायचं होतं, लग्न झालं. ओळखीच्या एका शिक्षिकेनं त्यांना केंद्र सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेविका म्हणून यायला सांगितलं. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना शिकवायचं, मानधन नाही. कुंभारीजवळ विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, तिथल्या एका घराच्या ओट्यावर दुपारी वर्ग भरू लागला. बऱ्याच बायका तेलुगू बोलणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात विड्या वळतायत आणि डोळे पाटीवर. दिवसाला हजार विड्या झाल्याच पाहिजेत, म्हणून हात थांबवता येत नाहीत. त्यांना कविता नको होत्या. कारखान्याच्या पुस्तकात आपल्या नावापुढं किती लिहिलंय आणि छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्यांचं, किती कापलंय, ते स्वतःला वाचता यायला हवं होतं.

काका मदतीला म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीची वही केली आणि उशिरा येणाऱ्या बाईला कारण विचारलं. चौथ्या दिवशी चारच बायका आल्या.

माझ्यासमोर काकूंनी त्यांना सांगितलं, "अहो, हे माझं आहे. तुम्ही तुमचं शोधा." अडतीस वर्षांत असं वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. काका दुखावले. दोन आठवडे मला भेटायला आले नाहीत. आणि मग जे झालं ते माझ्या सल्ल्यानं झालेलं नाही. नात्यातल्या एका बाळंतिणीसाठी ते सिव्हिल हॉस्पिटलला गेले, तिथं अक्कलकोटपलीकडून आलेला एक कानडी म्हातारा केसपेपर हातात घेऊन भांबावून उभा होता. वाडी-कलबुर्गीच्या रनिंग रूममध्ये काकांचं कानडी पक्कं झालं होतं. त्यांनी त्याला एक्स-रेपर्यंत नेलं, रांगेत बसवलं, औषधं कशी घ्यायची ते समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आता आठवड्यातून चार दिवस जातात. कुठली खिडकी किती वाजता उघडते हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि इथं वेळा माहीत असण्याचा कुणाला जाच होत नाही.

संध्याकाळचा अर्धा तास मग आपोआप भरू लागला. काका हॉस्पिटलमधलं सांगतात, काकू ओट्यावरचं. एका संध्याकाळी काकूंनी डब्यांच्या पाट्या हलक्या हातानं सोडवल्या, पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि वर्गात नेल्या. तिखट, मीठ, साखर. रोजचे शब्द, मोठं सुबक अक्षर. बायका पहिल्यांदा जे सलग वाचायला शिकल्या ते काकांचं हस्ताक्षर होतं. काकांनी मागाहून आणखी चाळीस पाट्या करून दिल्या, यावेळी मागितल्यावर.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वर्गामुळे काकांना दुपारी गार जेवावं लागतं, त्यावरून अजून कुरबुर होते. एकदा काकू बार्शीला गेल्या तर काकांनी दिवसात सहा फोन केले. त्यांचा मुलगा तर म्हणतो, आता या वयात हे दोघं आळीपाळीनं घराबाहेर, शोभतं का? मुलाला मी सांगितलं, त्यांना विचार. त्यानं अजून विचारलेलं नाही.

ज्यांना समुपदेशकापर्यंत पोचणं जमत नाही त्यांच्यासाठी: ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक आहेत, फोन मोफत लागतो. बोलायला लाज वाटते तेव्हा फोनवर सुरुवात करणं सोपं जातं.

या हिवाळ्यात काकूंनी वर्गाची सहल काढली. भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलला. तिथल्या संगमेश्वर मंदिरात मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांपैकी एक आहे, शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याची शेवटची ओळ, 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. काकूंनी ती आधीच फळ्यावर लिहून शिकवली होती. एसटीत अकरा बायका आणि काकू अर्ध्या तिकिटावर, काका एकटे पूर्ण तिकिटावर. त्या दिवशी काकूंनी घरून काही करून नेलं नाही, बायकांनीच कडक भाकरी, चटणी आणि दही आणलं होतं. जुनी अक्षरं कुणालाच धड लागली नाहीत, पण 'वा' तेवढा एकीनं ओळखला आणि तिथंच ओरडली. काका संगमाच्या पायऱ्यांवर दोन तास बसून राहिले आणि घड्याळ पाहिलं नाही, असं काकू म्हणतात. काका म्हणतात, एकदा पाहिलं.

वही अजून आहे. काकांनी मला स्वतः दाखवली. सहलीच्या पानावर लिहिलंय, "कुडल. गेल्या १२, आल्या १२." पुढच्या पानावर 'हरिद्वार, दोघे' असं आहे. काकूंनी सांगितलंय, मार्चमधली बायकांची परीक्षा झाल्यावर बघू. तारखेची जागा काकांनी कोरी सोडली आहे.