वाचकांचे प्रश्न : हाडात पू होतो तेव्हा

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. आठ दिवसांपूर्वी गडग्यावरून पडला. चौथ्या दिवसापासून ताप आहे आणि उजवा पाय टेकवतच नाही. एक्स-रे नॉर्मल आला, डेंग्यू आणि लेप्टो निगेटिव्ह. मुका मार आहे म्हणतात. गावात लेप लावून चोळायला सांगतात. काय करावं?
— एक पालक, लांजा

उत्तर : चोळू नका. हे छापून येईपर्यंत तुम्ही थांबला नसाल अशी आशा आहे. मूल तापात एक पाय टेकवत नसेल तर हाडात किंवा सांध्यात पू आहे का, ते आधी बघायचं. मुका मार नंतर.

एक्स-रेवर विसंबू नका. हाडातला बदल त्यात दिसायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. मुका मार रोज थोडा कमी होतो आणि ताप आणत नाही. लेप्टोत बहुधा दोन्ही पोटऱ्या ठणकतात. हाडात पू असेल तर मूल एका बोटाने दुखरी जागा दाखवतं, बरेचदा गुडघ्याच्या जरा वर किंवा खाली. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ रक्त संथ वाहतं, त्यामुळे रक्तातले जंतू तिथे रेंगाळतात. बहुतेक वेळा हा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो, एरवी त्वचेवर नि नाकात राहणारा.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी आणि ईएसआर (शरीरात दाह किती आहे ते दाखवणाऱ्या तपासण्या) आणि रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्या. कल्चरचं रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी जायला हवं. आधीच गोळ्या सुरू असतील तर कोणत्या, किती दिवस, ते पाकिटासकट दाखवा. सीआरपीचा आकडा बघताना एककही बघा: काही लॅब मिलिग्रॅम प्रतिलिटर देतात, काही प्रतिडेसिलिटर. एकीकडचे 60 म्हणजे दुसरीकडचे 6, आणि लॅब बदलली की उगाच ‘उतरला’ असं वाटतं.

सगळ्यात नेमकं चित्र एमआरआयमध्ये दिसतं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा कोल्हापूरला जावं लागेल. लगेच जमत नसेल तर सोनोग्राफी करा. सांध्यातलं पाणी आणि हाडावरच्या आवरणाखाली साठलेला पू तीत दिसू शकतो. खुब्याच्या सांध्यात पू असेल तर त्याच दिवशी काढावा लागतो, कारण दाबाने मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटतो. तान्ह्या बाळात तर ताप नसूही शकतो. लंगोट बदलताना किंचाळणं आणि एक पाय न हलवणं एवढीच खूण असते.

औषध आधी शिरेतून, बहुधा सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन. जंतू त्यांना दाद देत नसेल तर क्लिंडामायसिन किंवा व्हॅन्कोमायसिन. ताप गेला, पाय हलू लागला, सीआरपी भराभर उतरला की तोंडाने. साध्या प्रकारात एकूण तीन ते चार आठवडे. तोंडाने द्यायचा डोस पाकिटावरच्या नेहमीच्या डोसापेक्षा बराच जास्त असतो. औषधाच्या दुकानात कुणी ‘एवढं कशाला’ म्हणालं तरी कमी करू नका. ईएसआर सावकाश उतरतो, त्याची धास्ती नको. पण दोन-तीन दिवसांत ताप हटलाच नाही, तर आत साठलेला पू ऑपरेशन करून काढायचा राहिला आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडील 62 वर्षांचे, जुना मधुमेह. अंगठ्याखालची जखम तीन महिने भरत नाही. स्वॅब (जखमेवर बोळा फिरवून घेतलेला नमुना) बघून तीनदा गोळ्या बदलल्या.
— कुडाळ

उत्तर : वरवरच्या स्वॅबमध्ये जखमेवर बसलेले जंतू येतात, हाडात कोण आहे ते त्यावरून कळत नाही. जखमेत निर्जंतुक बोथट सळई हलकेच घातल्यावर खडखडीत हाड लागतं का, हे सर्जनकडून तपासून घ्या. तसं लागलं आणि ईएसआर 70च्या वर असेल, तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता मोठी. एक्स-रे काढा, नॉर्मल आला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. ताप नसेल आणि पाय झपाट्याने बिघडत नसेल तर डॉक्टर साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवून हाडाचा तुकडा कल्चर आणि सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला पाठवतात. सडलेलं हाड न काढता उपचार करायचा झाला तर सुमारे सहा आठवडे औषध लागतं. पायाची नाडी लागत नसेल तर आधी रक्तप्रवाह बघावा. औषध तिथवर पोचायला तर हवं. जखमेवरचा भारही काढावा लागतो.

वडील चिखलणी-लावणीला अनवाणी उतरत असतील तर ते आवर्जून सांगा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात माती-पाण्यातल्या जंतूमुळे मेलिऑइडोसिस हा आजार होतो आणि मधुमेहींना त्याचा धोका जास्त. लॅबला आधी कल्पना नसेल तर हा जंतू स्यूडोमोनास या दुसऱ्याच जंतूच्या नावाने निघून जातो. त्याला शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम काही आठवडे, मग कोट्रायमॉक्साझोल काही महिने द्यावं लागतं.

प्रश्न : शिंगाळ्याचा काटा बोटात गेला, दीड महिना झाला. बोट सुजलंय, वाकत नाही.
— मालवण

उत्तर : आत काट्याचा तुकडा उरलाय का, ते एक्स-रे आणि सोनोग्राफीवर बघा. मासळीच्या काट्याने मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा सावकाश वाढणारा जंतू जाऊ शकतो. तो सुमारे 30 अंशांवर वाढतो, नेहमीच्या 37 अंशांच्या कल्चरमध्ये हुकतो. म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘मासळीचा काटा’ असं लिहायला सांगा. स्नायूबंध किंवा हाड धरलं असेल तर दोन-तीन औषधं कित्येक महिने चालतात.

प्रश्न : नडगीत रॉड आहे. बारीक भोकातून पू येतो, बंद होतो, पुन्हा येतो.
— चिपळूण

उत्तर : भोक बुजलं म्हणजे बरं झालं असं नाही. रॉडवर जंतूंचा चिकट थर बसतो, औषध त्यात नीट शिरत नाही. हाड जुळलं असेल तर रॉड काढून पोकळी साफ करतात आणि आतल्या चार-पाच जागांचे नमुने घेतात. जुळलं नसेल तर बरेचदा जुळेपर्यंत औषधाने संसर्ग दाबून ठेवतात. रॉडने हाड पक्कं धरलेलं नसेल तर तो बदलावा लागतो. भोकात हळद भरू नका. मिश्री, विडी, तंबाखू चालू असेल तर हाड उशिरा जुळतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.