लांब केसांची फाटलेली टोकं कशी ओळखायची, आणि लांबी न घालवता घरीच कशी कापायची?

तुमचे केस कमरेच्या खाली आहेत, टोकांना फाटे फुटलेत, पार्लरवाली चार बोटं कापू म्हणते आणि तुमचा जीव होत नाही. प्रश्न एवढाच आहे ना? चार बोटं म्हणजे सात-साडेसात सेंटिमीटर. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा-सात महिन्यांची वाढ एका खुर्चीत बसून जाणार. जीव न होणं साहजिक आहे. आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

मी पार्लरवाली नाही. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. पण खाली सतरंजीवर बसले की माझी वेणी जमिनीला टेकते, आणि तिची टोकं गेली नऊ-दहा वर्षं मीच कापते. आधी चुका करून, मग शिकून.

कापड कापलं की काठाचे दोरे निघू लागतात, म्हणून आपण पिको करतो. केसाच्या टोकाला पिको नसतो. केसाच्या बाहेरून अगदी पातळ खवले असतात, छपरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक चढवलेले, आणि त्यांचं तोंड टोकाकडे. आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू, दोऱ्याच्या पिळासारखे. कवेलू झिजले, उडाले की आतला पिळ उघडा पडतो आणि सुटतो. तुमचा केस पाऊण मीटर लांब असेल, तर त्याचं टोक पाच-सहा वर्षांचं आहे. पाच-सहा उन्हाळे, शेकडो वेळा धुणं, हजारो वेळा कंगवा. मुळाजवळचा केस त्यामानाने काल-परवाचा आहे. म्हणून ‘माझे केसच खराब आहेत’ असं मनाला लावून घेऊ नका. टोक म्हातारं झालंय, एवढंच.

आता ओळखायचं कसं. केस धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि बिनतेलाचे हवेत. ओल्या किंवा तेलकट केसाचे फाटे एकमेकांना चिकटून बसतात, दिसतच नाहीत. ट्यूबलाइटच्या भरवशावर राहू नका, आणि आमच्याकडे ती असेलच याचा नेम नसतो. सकाळी नऊ-दहाला ओसरीत, तिरपं ऊन येतं तिथे बसा. मांडीवर पांढरा दुपट्टा पसरा. काळा केस पांढऱ्यावर ठेवला की टोक असं उघडं पडतं की चष्मेवालीलाही दिसावं.

साधा फाटा सगळ्यांना माहीत आहे, सापाच्या जिभेसारखा, टोकाशी दोन. कधी तीन-चार फाटे असतात, झाडूच्या तोंडासारखे. कधी एकाच बाजूने बारीक तुसं निघालेली दिसतात, पिसासारखी. हा फाटा वर दोन-तीन इंच गेलेला असू शकतो आणि टोकाकडे बघून कळत नाही, म्हणून बट थोडी वर धरून बघायची. मग पांढरा ठिपका. काळ्या केसावर मध्येच किंवा टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक पांढरट कण दिसतो. बायका त्याला कोंडा किंवा लीख समजून नखाने ओढतात. कोंडा झटकला की पडतो, लीख नखाने सरकवता येते, हा ठिपका हलत नाही. तिथे केस आतून पिंजला गेलाय आणि पुढच्या कंगव्याला तिथेच तुटणार आहे. तो खरा शत्रू, कारण तुटल्यावर तिथे नवं, पिंजलेलं टोक तयार होतं.

शेवटचा प्रकार म्हणजे गाठ. एकाच केसाची, स्वतःभोवतीच बसलेली. वर असेल तर दोन सुयांनी सुटते, मी सोडवते. माझा तो धंदाच आहे. टोकाशी असेल तर वेळ घालवू नका, कापा.

एक गंमत सांगते. केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं सरकवली की खरखर लागते, आणि पोरी घाबरतात. चांगला केससुद्धा उलट्या दिशेने खरखरीतच लागतो, कवेलूंची तोंडं खाली आहेत ना. मुळाकडून टोकाकडे येताना खरखर लागली तर मात्र थांबून बघा.

फाटलेलं काय हे कळलं. न फाटलेलं ओळखणं त्याहून महत्त्वाचं, आणि मी तिथेच आपटले होते. बट पिळायची, पीळ दिला की जे केस बाहेर उभे राहतील ते कात्रीने उडवायचे, असा एक प्रकार फोनवर बघितला. सोपा वाटला. पूर्ण डोक्याचे केस आठ भागांत पिळले आणि वरून खालपर्यंत कच-कच उडवत गेले. आठवडाभर खूश. मग वेणी घातली की चारी बाजूंनी कुसळं बाहेर. माय म्हणाली, “काऊन वं, उंदरानं कुरतडली काय तुही येणी?” ते सगळे फाटलेले केस नव्हतेच. बरेचसे नवीन उगवून वर येणारे होते, ज्यांची लांबी अजून वेणीपर्यंत पोचली नव्हती. ते मी अर्ध्यातच कापले. पुढची दोन वर्षं मी दुपट्टा बांधूनच लग्नाला गेले असं समजा.

फरक असा असतो: नव्या केसाचं टोक निमुळतं, मऊ, बाळाच्या जावळासारखं असतं. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा पिंजलेलं असतं. पिळायला हरकत नाही, पीळ फक्त केस वर आणण्यापुरता. पण प्रत्येक टोक बघूनच कात्री लावा. न बघता एकही केस नाही.

कात्रीबद्दल मी जरा कडक आहे. स्वयंपाकघरातली, पाकीट फोडायची, पोरांच्या कागदकामाची, यातली एकही नको. बोथट पातं केस कापत नाही, चेपतं आणि चावतं, म्हणजे तुम्ही एक फाटा काढून दुसऱ्याची सोय करून ठेवता. माझी कापडाची मोठी कात्रीसुद्धा मी केसाला लावत नाही, आणि केसाची कापडाला लावत नाही. तालुक्याला कॉस्मेटिकच्या दुकानात केस कापायची छोटी कात्री दोन-तीनशे रुपयांत मिळते. घ्या, आणि तिच्यावर रंगीत दोरा बांधून ठेवा, नाहीतर नवरा तिनेच बियाण्याची थैली फोडेल. माझ्याकडे फोडली आहे.

कापताना फाट्याच्या बरोबर वर नाही, त्याच्याही वर अर्धा सेंटिमीटर, जिथे केस एकसंध, चकचकीत आहे तिथे. फाटा डोळ्याला दिसतो त्याच्या वरही केस थोडा उकललेला असतो. पांढरा ठिपका असेल तर सेंटिमीटरभर वर. कात्री आडवी धरा, तिरपी नको. तिरपा काप म्हणजे पातळ अणकुचीदार टोक, ते लवकर झिजतं. आणि कंटाळा आला म्हणून फाट्याचे दोन पाय हाताने ओढून केस सोलत बसू नका. शाळेत शेवटच्या बाकावर आम्ही सगळ्याजणी तेच करायचो. तो फाटा वर वर सरकत जातो आणि चार मिलिमीटरचं नुकसान चार इंचांचं होतं.

मध्येच, म्हणजे खांद्याच्या आसपास फाटलेला केस दिसला तर? तोही कापायचा. हजारो केसांत एक आखूड झाला तर कोणाला दिसत नाही. पण असे शेकड्याने दिसले तर थांबा, ते कात्रीचं काम नाही, काहीतरी रोजचं चुकतंय.

एका बैठकीत सगळं डोकं करू नका. डोक्यावर लाखभर केस असतात. मी एका दिवशी वेणीच्या एका पेडाचा थोडा भाग घेते, वीस मिनिटं, मान अवघडली की बंद. सगळं डोकं एकदा व्हायला मला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि हे मी तीन महिन्यांतून एकदा करते. कापूस वेचायच्या दिवसांत तेही जमत नाही, तेव्हा सोडून देते.

पार्लरवाली कधी बरोबर असते, तेही सांगते. वेणीच्या शेवटच्या चार बोटांत दर दोन-तीन केसांमागे एक फाटलेला निघत असेल, किंवा वेणीचं शेपूट उंदराच्या शेपटीसारखं विरळ झालं असेल, तर एकेक केस वेचणं म्हणजे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वावरात एकटीने निंदायला बसणं. तिथे दोन बोटं सरळ कापून घ्या. चार लागतातच असं नाही. दोन बोटं म्हणजे तीन महिन्यांची वाढ. उरलेलं हाताने वेचा.

फाटे जोडणारं सिरम, क्रीम वगैरे मिळतं. ते फाट्याचे दोन पाय चिकटवतं, पुढच्या धुण्यापर्यंत. केस मेलेलीच गोष्ट आहे, तो आतून भरून येत नाही. लग्नाच्या दिवशी लावा, खुशाल.

नवीन फाटे का होतात यात माझ्या भागापुरतं सर्वात मोठं कारण पाणी आहे. आम्ही खारपाणपट्ट्यातले, पूर्णेच्या काठची अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतली गावं. जमिनीखालचं पाणी खारट. बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही, त्याचा चिकट साका केसांवर बसतो आणि केस काथ्यासारखे होतात. मग कंगवा अडकतो, आपण ओढतो, आणि कवेलू उडतात. उकळून फायदा होईल असं वाटतं, पण उकळल्याने जडपणा थोडा कमी होतो, मीठ जात नाही. मी डोकं बोअरच्या पाण्याने भिजवते, पण शाम्पूनंतरच्या शेवटच्या दोन तांब्यांना नळाचं, शहानूर धरणाचं पाणी वापरते. त्या दोन तांब्यांनी एवढा फरक पडतो की माझ्या शेजारणीने आधी मला खोटं ठरवलं आणि आता तीही वेगळी बादली भरते. आजी तर पावसाळ्यात टिनाखाली घमेलं ठेवायची आणि त्या पाण्याने न्हायची. त्या बाईचे केस सत्तरीतही माझ्यापेक्षा गुळगुळीत होते.

याच भागातली म्हणून एक विचारलं जातं: २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडलं होतं, आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं होतं, ते हेच का? नाही. तो केस मुळापासून गळण्याचा प्रकार होता. कंगव्यात आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरी बोंडी असेल तर तो मुळातून गळलाय. रोज पन्नास ते शंभर असे गळणं ठीक, अचानक मुठीने आले तर डॉक्टरकडे जा, माझ्याकडे नको. बोंडी नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो तुटलाय, आणि त्याचं औषध म्हणजे हे वरचं सगळं.

बाकीचं तुम्हाला माहीत असेलच: ओले केस ताणले जातात आणि लवकर तुटतात, म्हणून ओल्यात बारीक दातांची फणी नको, आणि गुंता खालून वर सोडवत जायचा. न्हाल्यावर पंचाने फटाफट झटकायची आपल्याकडची सवय मात्र खरंच सोडा. आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन टिपा. न्हाण्याच्या आदल्या रात्री लांबीला खोबरेल लावा, मुळापेक्षा टोकांना जास्त. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, यावर २००३ साली शोधनिबंध आला होता. त्यात सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसा फायदा दिसला नव्हता. आमच्याकडे जवस घरचा, म्हणून सासूबाई जवसाचं तेल लावा म्हणतात. मी भाजीला वापरते. वावरात जाताना वेणी सोडून नाही, आंबाडा घालून वर दुपट्टा. पऱ्हाटीच्या काड्यांत अडकलेली वेणी सोडवताना जेवढे केस जातात तेवढे वर्षभराच्या कंगव्यात जात नाहीत.

कापलेल्या तुकड्यांचं काय करायचं असं एकीने विचारलं होतं, अमावस्येला कापू नये वगैरे तिच्या घरी आहे. आमच्याकडे शनिवार पाळतात. वाराचं ज्याचं त्याने बघावं, पण तुकडे मांडीवरच्या त्याच दुपट्ट्यात गोळा करून उकिरड्यात टाका, ओसरीत उडू देऊ नका, पोळीत येतात. गावात ‘केसावर फुगे’ ओरडत येणाऱ्यालाही ते चालत नाहीत, त्याला लांब गुंतवळ लागते. माझ्या पोरीने एकदा मूठभर टोकं नेऊन दिली होती, तर त्याने हसून एक फुटका फुगा दिला.